सहाव्या गुरुवारची बाई

बसा बाप्पा, समोरच बसा. मांगं बसान त डिझेलचा वास येते आन माह्या गोष्टीतलं अर्धं उडून जाते. बोरी अरबले जायचं नं? मंग घाई करून काई फायदा नाई. सवाऱ्या भरल्याशिवाय ही जीप हालत नाई, आन आजून सहा जन कमी हायेत. तवरिक तुमाले एक गोष्ट सांगतो. भुताची हाये. हसू आलं त मोकळं हसा, मी रागवनार नाई. पन शेवटी हसू थांबलं त मले बोलू नोका. आन गोष्ट फुकट नाई बरं. शेवटी एक काम सांगीन, ते तुमाले कराच लागन.

तिकडं पाहा, टेलरच्या बाजूले ते निळं शटर. 'धम्मरत्न व्हिडिओ शूटिंग'. वर नवरा-नवरीचं चित्र हाये, नवरीचा एक डोळा पावसानं धुतला. ह्या दारव्ह्यात दहा सालात जेवढे लग्नं झाले, त्यातले अर्धे ह्या धम्मरत्ननं कॅमेऱ्यात धरले. लग्नात सगळ्यात आधी येते, सगळ्यात शेवटी जेवते. तोंडासमोर कॅमेरा, म्हनून त्याचं तोंड कोनाले माहीत नाई. एकदा त्याची बायको प्रियंका माहेरच्या पंगतीत म्हने, "हे आमचे मालक." त तिची मामी म्हनते, "बाई, हा त शूटिंगवाला दिसते!" तवापासून गड्याच्या मनात काटा मोडला. आपन कलावंत मानूस, आन लोकं आपल्याले मंडपवाल्याच्या आन आचाऱ्याच्या मधात धरतात.

गोष्ट हाये दोन हजार चार-पाचची. कापसाचे ते वाईट सालं. त्याच्यावर मी काई बोलत नाई, तुमीबी ह्याच भागातले हा. फक्त एवढं ध्यानात ठेवा, गावाबाहेरचं मोठं जीन, जिथं सरकी काढून रुई करत होते, ते तवा बंद पडलं होतं. आन संध्याकाळी लोकाईले टीव्हीसमोर बसन्याशिवाय दुसरं काम नोतं.

टीव्हीचा मालक म्हनजे हिरासिंग. तांड्यावरचा मानूस, पन वायर ओढत ओढत अख्ख्या गावाच्या घरात शिरला. त्याच्या लोकल चॅनलवर तीनच गोष्टी दिसत: वाढदिवस, डोळे तपासनीचं शिबिर आन हरवलेल्या शेळ्या. एक दिवस तो दुकानात येऊन बसला.

"धम्मा, गुरुवारी साडेसातचा अर्धा घंटा रिकामा हाये. भजन लावलं त लोकं पळतात. काई तरी कर लेका."

"हिराभाऊ, भुताची शिरेल करतो."

"तू? तू त भूत मानतच नाई."

"म्हनूनच त करतो. मानत असतो त करायची हिंमत झाली असती का?"

हिरासिंग हसला. "तेरा गुरुवार देतो तुले. पन सहाव्या गुरुवारपर्यंत कोनी भेलं नाई, त गुरुवार वाढदिवसाले देऊन टाकीन. मंग तू आपला हळद लावनं धर."

झालं. आता धम्मरत्नले दुसरं काई नोतं पाह्यजे. एक मानूस, फक्त एक मानूस खरोखर भेला पाह्यजे. त्याच्या कामानं एकाच्या तरी आंगावर काटा आला पाह्यजे. मंग पंगतीत कोनाची मामी काय म्हनन ते पाहू.

घरी सांगितलं त त्याची माय रुखमाबाई उसळली. "छप्पन साली माह्या बापानं दीक्षा घेतली. घरातले देव नदीत सोडले, भूत-बाहेरचं सगळं त्याच्यामांगं सोडलं. आन तू आता गुरुवारचं भूत घरात आनतं?"

"माय, नाटकातलं हाये ते."

"मंग भूत होनार कोन?"

हाच त पेच होता. गावातली एक बाई तयार नाई. जिच्या पोरीचं लग्न जमायचं हाये ते म्हने, सोयरे काय म्हनतीन? जिच्या पोरीचं जमलं ते म्हने, व्याही काय म्हनन? आखरी रुखमाबाईच म्हने, "मानत नाई म्हनून मलेच भेव नाई. बनीन मीच भूत. पन चप्पल सोडनार नाई, तठी खिळे पडले असतीन."

आता जागा. बंद जीन ज्या सोसायटीचं होतं, तिथल्या साहेबानं अर्ज मागितला. प्रयोजन लिहा म्हने. धम्मरत्न खरा मानूस, त्यानं लिहिलं, 'भूत दाखवणे'. साहेबानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "उद्या लोकं म्हनतीन ह्या इमारतीत भूत हाये. मंग इमारत घेईन कोन? आधी भूत नाई असा दाखला आना."

दाखला कोन देईन? तलाठी. तलाठ्यानं सातबारा काढला, इतर हक्काच्या रकान्यावरून बोट फिरवलं. "इथं भुताची नोंद नाई."

"मंग भूत नाई असं लिहून द्या साहेब."

"नोंद नाई असं लिहून देतो. भूत नाई असं कसं लिहू? नोंद नसलेले कब्जेदार लय असतात."

तो कागद आजबी दुकानात लावलेला हाये, शिक्क्यासकट. पटत नसन त उतरून पाहून या.

तुमी कधी बंद जिनात गेल्ले का? जाऊ नोका. दिवसा-दुपारी जायची जागा नाई ते, रातची गोष्टच सोडा. आत रुईचा भुसा जाळ्याले लोंबलेला राह्यते, पांढरा, मानसाच्या उंचीचा. वारा नसला तरी हालते. तुमी श्वास घेतला का थो तुमच्याकडं येते, सोडला का मांगं जाते. आन आवाज तठी मरते. सारी रुई आवाज पिऊन टाकते. धम्मरत्ननं टाळी वाजवली त त्यालेच ऐकू आली, दहा पावलावरच्या मायले नाई.

रुखमाबाई मशीनीच्या बाजूले उभी राह्यली. तिनं वीस सालं त्याच जिनात रुई उचलली होती. हळूच म्हने, "धम्मा, इथं आमी चाळीस बाया होतो. एकमेकीले हाक माराची त कानात मारा लागे, एवढा आवाज. आता पाहा. कुठं गेल्या रे सगळ्या?"

धम्मरत्न म्हने, "माय, हेच कॅमेऱ्यासमोर म्हन." पन कॅमेऱ्यासमोर बुढी बोलली नाई. कॅमेऱ्यासमोर तिनं फक्त डोये फाडले.

पहिला गुरुवार. भूत दाखवलं पुरं, डोक्यापासून पायापर्यंत. आन पायापर्यंत दाखवलं तिथंच सारं मेलं, काहून का पायात निळी चप्पल. अर्धं गाव ओरडलं, "अरे, रुखमामावशी!" वरून लोहारा गावचा जो पोरगा मिक्सिंग करे, त्याच्या कॉम्प्युटरात सारे इफेक्ट लग्नाचे. भूत आलं ते गुलाबाच्या फुलातून आलं. गेलं ते बदामाच्या आकारात बारीक होत होत गेलं. आन कोपऱ्यात 'शुभविवाह' तसंच चमकत राह्यलं.

दुसऱ्या दिवशी बुढी बाजारात गेली त भाजीवाली म्हनते, "मावशी, काल लय भारी दिसल्या. साडी कुठून घेतली?" बाया लहान लेकरं घेऊन दारात याले लागल्या. "जेवत नाई हा, जरा भेव दाखवा." बुढी भेव दाखवे, आन लेकरू तिच्याच मांडीवर बसून वरन-भात खाये.

शेजारी बापूजी राह्यतात, दवाखान्यात कंपाउंडर होते, आता रिटायर. सल्ला देन्यात त्याईचा हात कोनी धरू शकत नाई. ते ओट्यावर येऊन म्हने, "धम्मरत्ना, बावा, तुही चूक समजली का? शिनेमातलं भूत दोन घंट्यात निपटते. शिरेलीतलं भूत पोसा लागते. पाहुना पहिल्या दिवशी आला त आपन गादी टाकतो, तेराव्या दिवशी त्यालेच पानी आनाले सांगतो. भुताचंबी तसंच."

"मंग करू काय बापूजी?"

"दाखवू नोको. इंजेक्शनची सुई दिसली का पेशंटचं अर्धं दुखनं तिथंच संपते. सुई लपवून ठेवली त पेशंट भिंतीवर चढते."

बोलनं पटलं. दुसऱ्या गुरुवारी फक्त दार दाखवलं. दार हळूहळू उघडून राह्यलं, करकर करून राह्यलं, सारे लोकं पुढं सरकले, आन खालून पट्टी निघाली: 'हरवली आहे, तांबडी शेळी, एक शिंग मोडके'. लोकं शेळी वाचाले लागले. वाचून वर पाह्यलं तवरिक दार बंद.

तिसऱ्या गुरुवारी ऐन टायमावर लाईट गेली. आली तवा बातम्या चालू होत्या.

चौथ्या गुरुवारपर्यंत त बायाईले भूत घरचंच वाटाले लागलं. दुकानात येऊन भांडत. "तिच्यावर काय अन्याव झाला ते सांगा. तिले लेकरू होतं का? सासू वाईट होती का?" टेलर गोविंदाची बायको म्हने, "शेवटी तिचं भलं होऊ द्या बाप्पा. बिचारी एकटी त्या जिनात." धम्मरत्न डोकं धरून बसे. तो लोकाईले भेव द्याले निघाला, आन लोकं भुताचा संसार लावून राह्यले.

पाचव्या गुरुवारी त्यानं चिडून काहीच नाई दाखवलं. अर्धा घंटा रिकामं जीन. हिरासिंगच्या फोनवर सतरा जनानं विचारलं, चॅनल बंद पडलं का?

घरी प्रियंका म्हने, "सोडून द्या नं. कायले जिवाले लावून घेता? लग्नाचे काम चांगले चालतात."

"एक गुरुवार राह्यला," तो म्हने. बस, एवढंच.

आता मी जे सांगतो ते नीट ऐका. कॅमेऱ्याची कॅसेट लहान राह्यते, नवी पाह्यजे त यवतमाळले जा लागे. पन दुकानात मांगच्या फळीवर जुन्या कॅसेटी रांगेनं पडल्या होत्या. लोकाईनं लग्न केलं, शूटिंग केली, आन कॅसेट न्याले आलेच नाईत. ते सालंच तसे होते. दोन-दोन साल झाले, चिठ्ठ्या उखडल्या, नावं उडाले. धम्मरत्न दर गुरुवारी त्यातलीच एक उचले आन तिच्यावर भूत धरे. त्याच्या मनात पाप नोतं. कोनी येत नाई म्हनजे कोनाले नाई पाह्यजे, एवढाच त्याचा हिशोब.

सहाव्याची शूटिंग दुपारी केली. अर्धा भाग मायचा धरला. मंग बुढीचा गुडघा धरला, ते रिक्षानं घरी गेली. धम्मरत्न जिनात एकटा राह्यला. कॅमेरा स्टँडवर लावला, मोठ्या रिकाम्या हॉलकडं तोंड करून. मधात त्याले वाटलं, कोनी बोलून राह्यलं. बाहेर जाऊन पाह्यलं, कोनी नाई. आत आला त भुशावर पायाच्या खुना होत्या. त्यानं आपला पाय ठेवून पाह्यला. बसला. आपलेच हायेत म्हने. पन साऱ्या खुना मोजून पाह्याले तो काई थांबला नाई. आतापर्यंतचं कसं आलं ते कॅमेऱ्यात मांगं नेऊन पाह्यलं, पुन्हा पुढं आनलं, चालू केलं, कॅसेट सरेपर्यंत रिकामा हॉल धरला आन पळाला. त्या दिवशी लाईटचे आठ घंटे गेल्ले होते, मिक्सिंग झालं नाई. कॅसेट तशीच हिरासिंगच्या मानसाजवळ दिली.

गुरुवार, साडेसात. धम्मरत्नच्या घरी सारे जेवाले बसले, समोर टीव्ही. मायचा भाग झाला. लोकं हसले, गल्लीतून ऐकू आलं. मंग रिकामा हॉल आला. रुई हालून राह्यली. एक मिनिट, दोन मिनिटं. प्रियंका भाकर वाढता वाढता म्हने, "हे लय लांबलं जी."

आन मंग ते आली.

हॉल गेला, काळोख आला, आन काळोखातून पांढरी ओढनी डोक्यावरून पार खाली सोडलेली एक बाई. तोंड दिसत नाई. मांगं कुठं तरी कंदिलासारखा पिवळा उजेड. दोन्ही हात पसरलेले, आन ते झुलून राह्यली, इकडून तिकडं, इकडून तिकडं. आन रडून राह्यली. साधं रडनं नाई बाप्पा. लांब, सुरात, खोल विहिरीतून यावं तसं. शब्द होते त्याच्यात, पन आपल्या भाषेतले नोते. ते हात पसरून कॅमेऱ्याकडं आली, जवळ, आजून जवळ, ओढनीनं सारा टीव्ही पांढरा झाला, आन पुन्हा रिकामा हॉल. रुई हालून राह्यली.

धम्मरत्नच्या हातातली भाकर ताटात पडली. त्यानं ते कॅमेऱ्यात धरलंच नोतं.

गल्लीतून एक आवाज नाई. कोनाच्या घरी भांडं वाजलं नाई. टेलर गोविंदानं उठून दाराले कडी लावली, त्याचा आवाज चार घरं ऐकू आला.

रुखमाबाई हळूच म्हने, "धम्मा, ते मी नोती."

"माहीत हाये माय."

"मंग कोन होती?"

"इफेक्ट हाये," तो म्हने. आन त्या रात्री तो इफेक्ट पांघरून घेऊन जागा राह्यला.

सकाळी दुकानासमोर ही गर्दी. ज्यानं आतापर्यंत त्याच्याकडं पाह्यलं नाई, थो मानूस नमस्कार घालते. "भाऊ, कसं केलं जी? आमच्या बुढ्यानं रातभर लाईट बंद करू नाई दिला." बापूजी म्हने, "बावा, माह्या नाडीचे ठोके एकशे दहावर गेल्ते, मी स्वतः मोजले." धम्मरत्न मिशीत हसे. "कलावंताचं गुपित राह्यते बापूजी." सांगाचं होतं तवा सांगितलं नाई गड्यानं. गोड लागलं त्याले. सारा जन्म पंगतीत शेवटी बसनाऱ्याले पहिल्यांदा कोनी पाट दिला होता.

हिरासिंगनं त शिरेल पाह्यलीच नोती, तो दुसऱ्या टोकाले खांबावर वायर जोडून राह्यलता. पन फोन त्यालेच आले. "धम्मा! बत्तीस फोन! पुढच्या गुरुवारी हेच बाई पाह्यजे लेका!" आन कॅसेट टेबलावर ठेवून गेला.

आता ते कॅसेट आन धम्मरत्न, दोघं दुकानात. दुपार झाली, लोकं जेवाले गेले. तो मानूस, ज्याच्या घरातून छप्पन साली भूत निघून गेलं, तो त्या कॅसेटीले हात लावाले तयार नाई. कॅमेऱ्यात टाकून पाह्यलं असतं त दोन मिनिटात उलगडा झाला असता. पन पाह्याची हिंमत झाली नाई. मंग त्यानं काय करावं? डोये मिटून कॅसेट कॅमेऱ्यात टाकली, कॅमेऱ्याच्या तोंडावर झाकन लावलं, रेकॉर्डिंग चालू केलं आन कॅमेरा घरात कपाटावर नेऊन ठेवला. पुरा एक घंटा. सारी कॅसेट काळी झाली. 

मांगं दोघं बसा जी, हो, तिकडंच. आजून चार सवाऱ्या पाह्यजे.

तिसऱ्या दिवशी दुकानात एक बाई आली. तांड्यावरची, हातात बांगड्यांची रांग, पायात धूळ. चालतच आली होती, दोन कोस.

"राम राम बेटा. ओळखलं का?"

नाई ओळखलं त्यानं.

"हंसाबाई. रंजिताच्या लग्नाले तू आलता नं आमच्या तांड्यावर? तुले सगळ्याच्या आधी जेवाले बसवलं होतं मी. म्हनलं, हा पोरगा सकाळपासून उभा हाये."

आता आठवलं. साऱ्या जन्मात ते एकच लग्न, जिथं तो पहिल्या पंगतीत जेवला.

"टीव्ही घेतला बेटा," हंसाबाई म्हने. "हिरानं तांड्यापर्यंत वायर आनली. आता दे कॅसेट."

 बाई स्टुलावर बसली, पदरानं तोंड पुसलं.

"तूच म्हनला होता नं, मावशी, तुमच्या घरी टीव्ही नाई, उंदरं हायेत, माह्याजवळ राहू द्या, टीव्ही घ्यान तवा न्या. म्या म्हनलं, बरोबर हाये, ह्याच्याजवळ जपून राहीन. परवा तू रंजिताचा ढावलो दाखवला, तवा सारा तांडा रडला. म्हनलं, पाहा, बेटानं आठवन ठेवली. आता पुरा दे. पहिल्यापासून."

ढावलो तुमाले माहीत नसन. तांड्यावरची नवरी सासरी निघाली का एकेकाच्या गळ्यात पडून सुरात रडते. त्याईच्या बोलीत, 'याडी, याडी' करून. याडी म्हनजे माय. ते रडनं अर्धं गानं राह्यते. पहाटे, कंदिलाच्या उजेडात, डोक्यावरून ओढनी सोडून रंजिता कॅमेऱ्यामांगं उभ्या असलेल्या आपल्या मायकडं हात पसरून आली होती. तेच कॅसेटीवर उरलं होतं, धम्मरत्ननं मांगं-पुढं केलं तवा मधात राह्यलेलं बोटभर. दारव्ह्याले भूत दिसलं. तांड्याले आपली पोरगी दिसली.

पोरगी नोती आता. लग्नाच्या दुसऱ्या साली कापूस वेचताना पान लागलं तिले. सापाचं नाव आपल्याकडं घेत नाईत.

"फोटो हाये एक," हंसाबाई म्हने. "पन फोटो बोलत नाई."

खोटं बोलनं सोपं होतं बाप्पा. कॅसेट लोहाऱ्याले गेली म्हनाचं, खराब झाली म्हनाचं. धम्मरत्नच्या जिभेवर आलं होतं ते, मले त्यानंच सांगितलं. पन त्याले ते पहिली पंगत दिसली.

"मावशी, कॅसेट पुसली मी. आधी भुताच्या पायी पुसली. बोटभर राह्यली होती, ते काल पुसली."

 बाईच्या हातातल्या बांगड्या वाजल्या नाईत.

"काल कायले पुसली बेटा?"

"भेलो मावशी."

"माह्या रंजिताले भेला?" हंसाबाई त्याच्याकडं पाह्यतच राह्यली. "अरे, ते त कोंबड्यालेबी भेत होती."

पाहा बाप्पा. त्याले एक मानूस पाह्यजे होता खरोखर भेनारा. भेटला.

मंग ते बाई म्हने, "लाव." काय लावू मावशी? काळी हाये सारी. "लाव त खरं." लावली. टीव्हीवर काळं. कॅमेऱ्याच्या तोंडाले झाकन होतं, पन कानाले नोतं. त्या काळ्यात धम्मरत्नचं घर ऐकू येते: कुकरची शिटी, रुखमाबाईचा खोकला, प्रियंका कोनाले तरी हाक मारते. हंसाबाई मांडी घालून टीव्हीसमोर बसली, पुरा एक घंटा. अठराव्या मिनिटाले तिनं हात वर केला.

"हे. इथं हाये."

धम्मरत्नले काहीच ऐकू नाई आलं. मांगं नेलं, पुन्हा लावलं. पुन्हा त्याच जागेवर बाईचा हात वर.

हिरासिंगले सारं समजलं तवा तो दुकानात आला, आन पहिल्यांदा त्याच्या तोंडून एक शिवी निघाली नाई. "माह्याच तांड्याची पोरगी," म्हने, "आन मी बत्तीस फोन मोजत बसलो."

सातव्या गुरुवारी साडेसातले लोकं दारं लावून, लेकराईले कुशीत घेऊन बसले. टीव्हीवर धम्मरत्न आला. स्वतः. पहिल्यांदा गावानं त्याचं तोंड पाह्यलं. म्हने, "ते भूत नोतं. ते हंसाबाईची रंजिता. मायले भेटाले चालली होती. तो गुरुवार कोनी घरी व्हीसीआरवर धरला असन त मले द्या." खालून पट्टी गेली नाई. हिरासिंगनं त्या दिवशी सगळ्या शेळ्या बंद ठेवल्या. आन आठव्यापासून गुरुवार वाढदिवसाले गेला.

चार-पाच दिवसानं टेलर गोविंदा आला. म्हने, त्या गुरुवारी त्याच्या भाड्याच्या खोलीत एक पाहुना उतरला होता, सोयरिकीले आल्ता. त्याच्याजवळ नवा व्हीसीआर होता, चालते का नाई ते पाह्यासाठी त्यानं त्या दिवशीचं सारं धरलं. सकाळी उठून निघून गेला. नाव माहीत नाई. उंच होता, पाय थोडा ओढत चाले. आन जीपमधी बसला ते बोरी अरबच्या.

दोन सालं झाले ह्याले. दर बाजाराच्या दिवशी हंसाबाई येते, स्टुलावर बसते. रुखमाबाई तिच्यासाठी चहा आनते. काळी कॅसेट लागते, अठरावं मिनिट येते, बाईचा हात वर होते. आता त रुखमाबाईबी म्हनते, तिले आयकू येते. धम्मरत्न काई म्हनत नाई. पन मागच्या बाजारी मी सवाऱ्याईले हाका माराले तिकडं गेल्तो, त अठराव्या मिनिटाले मी पाह्यलं, त्यानंबी मान वर केली होती. मी दारातच उभा होतो. मले काय आयकू आलं ते मी सांगनार नाई.

चला, भरली जीप. आता तुमचं काम.

बोरी अरबले उतरले का विचारा. उंच मानूस, पाय ओढनारा, दोन सालाआधी दारव्ह्याले सोयरिकीले गेल्ता, घरी व्हीसीआर. कॅसेट सापडली त त्याच्यावर दुसरं काई धरू नोका. लावून पाहा पाह्यजे त. पहिले निळी चप्पल घातलेली बुढी दिसन, तिले हसा, तिले काई वाटत नाई. मंग रिकामं जीन दिसन. मंग एक पोरगी ओढनीत हात पसरून तुमच्याकडं येईन. तिले भेऊ नोका, बाप्पा. टीव्ही बंद करू नोका. तिचं होऊ द्या, आन मंग कॅसेट फडक्यात गुंडाळून माह्या हातात आनून द्या. तुमी बसले ही समोरची सीट त्या दिवशी रंजिताची, मी दुसऱ्या कोनालेच देनार नाई.